गव्हर्नरच्या बंगल्याचं विद्यापीठ : पुणे विद्यापीठाचा परिसर, इमारती आणि बसायच्या जागा

खिंडीतला

पुणे विद्यापीठावर इथे धागे बरेच आहेत, पण बहुतेक प्रवेश, परीक्षा आणि निकालांवर. परिसरावर, म्हणजे तिथल्या इमारती, ग्रंथालय, वसतिगृहं, कँटीन, मोकळ्या जागा यांच्यावर सलग चर्चा झालेली दिसली नाही. ती व्हावी म्हणून सुरुवात करतो.

मुख्य इमारतीपासूनच सुरू करावं लागतं. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला यायचा. आधी त्याचा मुक्काम दापोडीला असे, मग गणेशखिंडीत नवा बंगला बांधायचं ठरलं. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ मध्ये काम सुरू झालं, १८७१ मध्ये पुरं झालं. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. काम सुरू झालं तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता, पैसा नुसता खेळत होता. बांधून होईपर्यंत ती तेजी कधीच ओसरली होती आणि या बंगल्यावर झालेल्या खर्चावरून इंग्लंडातही टीका झाली. तो उंच मनोरा, कमानींचे लांबच लांब व्हरांडे, मेजवानीची आणि नाचाची दालनं, भोवती बाग, हे सगळं एका माणसाच्या पावसाळी मुक्कामासाठी.

२२ जून १८९७ ला याच बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ झाला. प्लेगच्या बंदोबस्तात पुणेकरांच्या घरांत सोजीर घुसवणारा रँड तिथून परतत होता. गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली, त्याच्याबरोबरच्या लष्करी अधिकारी आयर्स्टवर बाळकृष्ण चापेकरांनी. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दामोदरपंतांना येरवड्यात फाशी झाली. म्हणजे ज्या दिव्यांच्या रोषणाईतून रँड बाहेर पडला, त्याच आवारात आज मुलं प्रवेशाचे अर्ज घेऊन फिरतात.

१० फेब्रुवारी १९४९ ला विद्यापीठ स्थापन झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि ही चारशेहून जास्त एकरांची मिळकत विद्यापीठाकडे आली. माझ्या मते स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्राच्या इतिहासातला हा फार मोठा बदल आहे आणि त्याची म्हणावी तशी आठवण ठेवली जात नाही. जिथे निमंत्रणाशिवाय आपल्या माणसाला फाटकातून आत जाता येत नव्हतं, तिथे गावाकडून आलेल्या पोरापोरींनी बाकावर बसून नोट्स काढायला सुरुवात केली. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं, २०२२ मध्ये मुख्य इमारतीच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला. गव्हर्नरच्या दारात सावित्रीबाई. याहून जास्त मी त्यावर काही लिहीत नाही, ज्याचं त्याला कळेल.

तर माझं म्हणणं असं आहे, की परिसरातल्या जुन्या-नव्या प्रत्येक इमारतीला आपण एकच प्रश्न विचारावा : इथे कोणाला येऊन बसता येतं? किती कोटी लागले, किती मजले झाले, हे नंतर. तुमच्या माहितीतल्या जागांबद्दल लिहा. पुण्याबाहेरच्या विद्यापीठांबद्दलही चालेल.

पानोपानी

फार दिवसांनी असा धागा आला. जयकर ग्रंथालयाबद्दल लिहिते. आता त्याचं नाव जयकर ज्ञानस्रोत केंद्र आहे, पण रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे नुसतं "जयकर" म्हणतात. "कुठे आहेस?" "जयकरला." एवढ्यावर काम भागतं.

पेठेत किंवा उपनगरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीला खोलीत टेबल नसतं. एका खोलीत चौघी, त्यातली एक फोनवर, एक झोपलेली, घरमालकीणबाईंचा दिवा बंद करण्याचा आग्रह. तिला जयकरमधली एक खुर्ची म्हणजे पुण्यातली तिची हक्काची एकमेव जागा असते. सकाळी लवकर येऊन वही-पुस्तक ठेवून जागा धरायची, मग डबा खायला खाली उतरायचं, शेजारणीला "माझ्या जागेकडे बघ गं" सांगायचं. शेजारीण तोवर कुठल्या विभागाची, कुठल्या जिल्ह्याची हेही माहीत नसतं. हळूहळू कळतं. मला परभणीची आणि नंदुरबारची मैत्रीण तिथेच मिळाली, आणि त्या अजूनही माझ्या सगळ्यात जवळच्या आहेत.

म्हणून खिंडीतला यांचा प्रश्न मला पटतो. ग्रंथालयात पुस्तकं किती हे महत्त्वाचं आहेच, पण खुर्च्या किती, पंखा कोणत्या खुर्चीवर लागतो, चार्जिंगचं सॉकेट चालू आहे का, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, यावर मुलीचा अख्खा दिवस ठरतो.

वास्तुवेडी

खिंडीतला, छान लिहिलंय. थोडा वेगळा मुद्दा मांडते. कोण बसतं हा प्रश्न बरोबर आहे, पण इमारत टिकली तर कोणी बसणार. आपल्याकडे नवी इमारत बांधायला पैसे मिळतात, जुनी राखायला मिळत नाहीत.

दगडी इमारतींचं एक उदाहरण देते, कारण हे मी रोजच्या कामात बघते. जुन्या भिंती काळ्या पाषाणाच्या आणि चुन्यात बांधलेल्या असतात. चुना श्वास घेतो, म्हणजे भिंतीत शिरलेली ओल सांध्यांतून बाहेर पडते. मग कधीतरी गळती होते, आणि दुरुस्ती म्हणून कोणीतरी सांध्यांत सिमेंट भरतं. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. ती आतच अडकते, क्षार वर येतात, आतला गिलावा फुगतो, दगडाच्या कडा झडायला लागतात. पाच-सहा पावसाळ्यांत भिंत होती त्याहून वाईट होते, आणि मग "जुनी इमारत झाली, पाडा" असा शेरा येतो. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता कमी राहिलेत. चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो, निविदेच्या मुदतीत तो बसत नाही. ही अडचण राज्यातल्या प्रत्येक जुन्या शिक्षणसंस्थेची आहे.

त्यामुळे विद्यापीठांनी परिसराच्या देखभालीचा वेगळा निधी दरवर्षी बाजूला काढावा, असं मला फार तळमळीने वाटतं. उद्घाटनाची कोनशिला नसली तरी ते काम नव्या इमारतीइतकंच मोठं आहे.

आकाशवेडा

आयुकाचा, म्हणजे खगोलशास्त्राच्या आंतरविद्यापीठीय संशोधन केंद्राचा, उल्लेख अजून कोणी कसा केला नाही! विद्यापीठाच्या आवारातच आहे. १९८८ मध्ये स्थापना, जयंत नारळीकर संस्थापक संचालक, वास्तुकार चार्ल्स कोरिया. २८ डिसेंबर १९९२ ला सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झालं.

बाहेरून काळ्या दगडाच्या भिंती दिसतात, फार काही कळत नाही. आत गेल्यावर मधलं कुंड लागतं. देवळापुढच्या कुंडासारखी पायऱ्यांची मांडणी, उघडं आकाश आणि चार पुतळे : आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन. आजूबाजूच्या फरसबंदीत आणि रचनेत खगोलशास्त्र भरलेलं आहे. आत फूकोचा लंबक आहे. माझ्या मुलाला तो बघायला नेलं होतं. त्याने आधी विचारलं, "याला कोण ढकलतं?" मग तिथेच बसून राहिला, कारण झोक्याची दिशा हळूहळू सरकते हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. सरकते ती खालची जमीन. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि पायाखाली समजणं वेगळं.

आणि "कोणाला बसता येतं" या प्रश्नाचं उत्तर तिथे चांगलं आहे. आवारातच मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झालेली. तिच्या इमारतीचं नाव पुलस्त्य. सप्तर्षींतला एक तारा तर तो आहेच, आणि पुलंही त्यात आले. अरविंद गुप्तांनी काडेपेट्या, स्ट्रॉ, सायकलच्या ट्यूबचे तुकडे यांपासून विज्ञानाची खेळणी बनवायचं काम वर्षानुवर्षं तिथे केलं. महापालिकेच्या शाळेतली मुलं येऊन ती स्वतः करून बघत. नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले. त्यांनी मराठीतून जे लिहिलं ते तर राहणारच, पण ही दारं शाळकरी पोरांना उघडी ठेवली हे त्यांचं काम मला तितकंच मोठं वाटतं.

खिंडीतला

आकाशवेडा, आयुकाची वाटच बघत होतो. त्याच भागात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली खोडदची महाकाय दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, तिचा कारभार इथूनच चालतो. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बनवणाऱ्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं घरही तेव्हा याच परिसरात होतं. एका फाटकातून आत शिरून चालत चालत एवढं सगळं सापडावं अशा जागा देशात थोड्या आहेत.

पानोपानी, तुमचा सॉकेट आणि स्वच्छतागृहाचा मुद्दा परिसराच्या प्रत्येक आराखड्यात पहिल्या पानावर असायला हवा.

अंगणातली

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राबद्दल, म्हणजे नाटक-संगीत-नृत्याच्या विभागाबद्दल, दोन ओळी. १९८७ ला सुरू झालं, गुरुकुल म्हणूनच ओळखलं जातं. सतीश आळेकर बरीच वर्षं प्रमुख होते. तिथला अंगणमंच म्हणजे उघड्यावरचं रंगमंच. झाडांखाली तालीम चालू असते, पलीकडे कोणीतरी तबला लावत असतं, मधूनच एखाद्या वर्गातून ठुमरी ऐकू येते. वातानुकूलित सभागृहात आवाज फेकायची सवय लागत नाही. अंगणात पाखरांवर, वाऱ्यावर, बाहेरच्या वाहनांवर मात करून शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोचवावं लागतं. नट तिथे तयार होतो.

फोर्टची वाचक

मुंबईकडून. आमच्या फोर्टच्या आवाराची गोष्ट कापसाच्या त्याच तेजीतून निघते. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ चं, पण त्याला स्वतःची इमारत नव्हती. त्या तेजीत श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख दिले, मग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख आणि अट एकच, मनोऱ्याला आई राजाबाईंचं नाव. आई डोळ्यांनी अधू होत्या, जैन नेमाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं तर वेळ कळावी म्हणून घंटा, असं सांगतात. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केला, ते मुंबईला कधी आलेच नाहीत. १८६९ ला पायाभरणी, १८७८ ला काम पूर्ण. मनोरा २८० फूट. वर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, खालून नीट दिसत नाहीत म्हणून लोकांना ठाऊकच नसतात.

दीक्षान्त सभागृहाची गोल खिडकी आहे, तिच्या रंगीत काचांत बारा राशी. पदवी घेताना मागून त्या काचांतून ऊन आलं तर काय दिसतं ते शब्दांत नाही सांगता येत.

२०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीचा हा सगळा भाग जागतिक वारसा म्हणून युनेस्कोच्या यादीत गेला. त्याआधी ग्रंथालय आणि मनोऱ्याचं जतन ब्रिंदा सोमय्या यांनी केलं. वास्तुवेडी म्हणतात तसं, नीट केलं तर जुनं टिकतं.

पण शिकणारी बहुतेक मुलं कालिन्याला विद्यानगरीत. तिथली धावपळ वेगळी, लोकल, बस आणि मग चालणं. आमच्या मुलांना वारसा फोर्टला मिळाला आणि वर्ग कालिन्याला.

सागरमाळावरून

कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, ८५३ एकर. सुरुवातीला तो सगळा उघडा माळ होता. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. त्यांनी इमारतींबरोबर झाडं आणि पाणी यांचा विचार केला. माळावरचं पावसाचं पाणी वाहून जाऊ न देता तलावांत आणि विहिरींत अडवायचं. पुढच्या लोकांनी ते वाढवलं. आज परिसरात मोर दिसतात. २०१९ च्या महापुरात गंमत बघा, सगळीकडे पाणीच पाणी आणि शहराच्या नळांना पाणी नाही, कारण उपसा केंद्रं बुडालेली. तेव्हा विद्यापीठातून लोकांना पाणी दिलं गेलं. भांडी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विद्यापीठ म्हणजे काय हे तेव्हा समजलं.

मुख्य इमारतीसमोरचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा बी. आर. खेडकर यांचा, १ डिसेंबर १९७४ ला यशवंतराव चव्हाणांनी अनावरण केलं. पण मला परिसरातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती "कमवा आणि शिका"चं वसतिगृह. सकाळी काम, दिवसा वर्ग, रात्री अभ्यास. शेतमजुराचं पोर तिथून एम.एस्सी. होऊन बाहेर पडतं. घरी पैसे मागायचे नाहीत हा त्या पोराचा अभिमान असतो, आणि इमारत साधीच आहे.

बीबी का शहर

आमच्याकडे एका फाटकाची गोष्ट आहे. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं, मागे लेण्यांचे डोंगर, जवळ सोनेरी महाल. बाबासाहेबांचं नाव द्यावं हा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षं.

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर लोक येतात. त्यांतल्या कितीतरी बायांनी कुठल्याच शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्या गेटच्या खांबाला हात लावतात, कपाळ टेकवतात, नातवंडांना वर उचलून नाव दाखवतात. खिंडीतला विचारतात, कोणाला बसता येतं. आमच्या गेटवर लोक दिवसभर बसतात, जेवण बांधून आणतात, पुस्तकांच्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन जातात. विद्यापीठ आपलं आहे ही भावना एखाद्या समाजाने एवढी जपलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

पानोपानी

बीबी का शहर, हे वाचून डोळे भरून आले. लिहिलंत त्याबद्दल आभार.

उताराची वाट

मी व्हीलचेअर वापरतो. या धाग्यात माझी बाजू मांडायलाच हवी.

मी जिथे शिकलो त्या संस्थेचं नाव घेत नाही. तिथे विभाग पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट "सामानासाठी". मित्र खुर्चीसकट उचलून न्यायचे. त्यांचं प्रेम होतं, पण रोज चौघांच्या हातांवर वर्गात जाणं म्हणजे काय ते लिहिता येत नाही. पाणी प्यायचं टाळायचो, कारण स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची जात नसे.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. त्यानुसार सार्वजनिक इमारतींत सुगम्यता असायला हवी. बऱ्याच ठिकाणी उतार बांधले जातात, पण ते कसे? एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. आपल्याकडे तीन पायऱ्यांवर चार फुटांचा सिमेंटचा चढ ओततात आणि फोटो काढतात. त्यावरून खुर्ची एकट्याने चढत नाही, उतरताना तर माणूस पुढे फेकला जातो. उताराच्या टोकाला सपाट जागा हवी, कठडा हवा, आणि उताराच्या तोंडाशी दुचाकी लावलेली नको.

जुन्या वारसा इमारतींत हे अवघड आहे हे मला कळतं. पण वास्तुवेडी, तुम्हाला विचारतो, दगडाला धक्का न लावता करता येतं ना?

वास्तुवेडी

येतं, नक्की येतं. बाजूच्या दाराने, जिथे जोतं कमी उंच असतं तिथून, मूळ पायऱ्यांना न जोडता स्वतंत्र उभा राहणारा लाकडी किंवा लोखंडी उतार करता येतो. उद्या काढायचा म्हटला तरी मूळ बांधकामाला ओरखडा येत नाही. पण एक अट मी स्वतः घालते : ती मागची, कचऱ्याच्या डब्याशेजारची वाट नसावी. बाजूचं दारही सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं, म्हणजे सगळे तिथूनच जातात. बारा फुटांचं जे प्रमाण तुम्ही दिलंत ते प्रत्येक संस्थेच्या बांधकाम विभागात भिंतीवर लावायला हवं.

ताळगाव पठार

गोव्यातून थोडकं. गोवा विद्यापीठ १९८५ चं, पठारावर. इमारतीचा आराखडा सतीश गुजराल यांचा, जे मुळात चित्रकार आणि शिल्पकार. ग्रंथालयात इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह आहे. मराठ्यांच्या आणि पोर्तुगीजांच्या संबंधांवर काम करायचं असेल तर तिथे यावंच लागतं.

नवीन सदस्य_नगर

मुलगी यंदा पुण्याला एम.ए.ला जातेय. घरातली पहिलीच. सगळ्यांचं वाचून धीर आला. परिसर फार मोठा आहे असं ऐकतो, जेवणाचं आणि एकटीने फिरायचं कसं?

पानोपानी

दादा, काळजी करू नका. वसतिगृहासाठी अर्ज प्रवेशाबरोबर लगेच भरा, यादी लागेपर्यंत थांबू नका. जेवणाला रिफेक्टरी, शिवाय कँटीनं आहेत, ओपन कँटीनला मुलांची गर्दी असते. पहिल्या आठवड्यात तिला दिवसाउजेडी विभाग ते वसतिगृह, विभाग ते जयकर आणि विभाग ते मुख्य फाटक या तीन वाटा पायी चालून बघायला सांगा. झाडी दाट आहे, अंधार लवकर वाटतो, तेव्हा संध्याकाळनंतर मैत्रिणींबरोबर मोठ्या रस्त्यानेच. पैशांची ओढ असेल तर इथेही कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची "कमवा व शिका" योजना आहे, तिची चौकशी विद्यार्थी विकास मंडळात करायची. मला खासगी संदेश पाठवा, तिथे शिकत असलेल्या मुलींशी गाठ घालून देते.

आकाशवेडा

आणि दादा, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तुम्हीच पुण्याला या. आयुका त्या दिवशी सगळ्यांसाठी खुलं असतं. सकाळी लवकर या, शाळांच्या रांगा लागतात. लेकीला बरोबर घ्या, लंबक दाखवा, कुंडात बसून डबा खा.

नवीन सदस्य_नगर

येतो. तिच्या आईलाही आणतो.